बसच्या दारातला सायकल ट्रॅक

सिस्टर रस्त्याच्या मधोमध सायकल चालवायची. कडेकडेने नाही, दबकत नाही, बापाचा रस्ता असल्यासारखी. पुढच्या टोपलीत ड्रेसिंगची पेटी, पाठ ताठ, आणि वळायचं असेल तिकडे हात असा बाहेर काढायची की मागच्या टेम्पोवाल्याचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. घंटी कधीच मोडली होती. ती दुरुस्त करायचं तिने मनावर घेतलं नाही, कारण तिला आवाज होता. "ओ दादा, झोप घरी जाऊन काढा!" एवढं म्हटलं की वाट मोकळी. ज्यांच्यावर ओरडायची त्यांतल्या कित्येकांच्या घरी तिने कधी ना कधी कुणाचं तरी ड्रेसिंग केलेलं असायचं, त्यामुळे रागवायची सोयच नव्हती.

हॉस्पिटलातून घरी सोडलेल्या, पण जखम अजून ओली असलेल्या माणसांकडे जायचं, हे तिचं काम. सकाळी गावाच्या एका टोकाला मधुमेहाचा पाय, दुपारी दुसऱ्या टोकाला पोटाचे टाके. बसची वाट बघत बसली असती तर निम्मे पेशंट सोडावे लागले असते. शिवाय चालताना तिचे गुडघे कुरकुरायचे आणि सायकलवर बसली की गप्प व्हायचे. तिला सायकल मनापासून आवडायची, हे खरं कारण.

तिचा नवरा बस चालवायचा. ड्रायव्हरच्या उंच सीटवरून त्याला सगळा रस्ता दिसायचा, आणि तेच त्याचं दुखणं होतं. कुठे कोण कसं चिरडता चिरडता वाचलं, ते तो रोज बघत होता. एकदा सिग्नलला त्याच्या बसच्या पुढ्यातच बायको उभी, शेजारी वाळूचा ट्रक. सिग्नल सुटला, तिने मागे न बघताच त्याला हात केला आणि निघून गेली. तो मात्र सिग्नल सुटल्यावरही बस हलवायची विसरला.

"अगं, जरा कडेने चालवलीस तर काय बिघडेल?"

"कडेला गेले की गाडीवाल्याला मी दिसत नाही. मधे असले की शिवी देतो, पण दिसते तर खरी! शिवी परवडते हो मला."

माणूस तसा गरीब, भांडणात कधी न जिंकलेला.

मग मोठ्या रस्त्याला सायकल ट्रॅक झाला. हिरवा रंग, त्यावर पांढरी सायकल, फीत, कात्री, फोटो. ज्यांनी तो आखला ते सगळे मोटारीतून आले आणि मोटारीतून गेले. ट्रॅक इतका अरुंद की समोरून कुणी आलं तर दोघांपैकी एकाने उतरावं. गटाराची झाकणं खाली दबलेली. एके ठिकाणी दिव्याचा खांब बरोबर मध्ये. त्यालाही हिरवा रंग फासला नव्हता, हेच नशीब. आणि बसथांब्यांपाशी तर अक्कल पार गहाण टाकलेली. ट्रॅक गेला होता थांबलेली बस आणि फूटपाथ यांच्या मधून. म्हणजे उतरणाऱ्याचा पहिला पाय पडणार तो सायकलच्या चाकापुढे.

नवऱ्याला मात्र लॉटरी लागल्यासारखं झालं. सिस्टर एक चक्कर मारून आली आणि चपला काढता काढताच म्हणाली, "खांब चुकवेन, झाकणं चुकवेन. पण बसमधून माणसं अंगावर सांडतात, त्यांचं काय करू?"

"त्याची काळजी नको," तो म्हणाला. "आम्ही आधी आरशात बघतो. सायकल येत असली तर दार उघडतच नाही. ड्रायव्हरला सक्तीच आहे तशी."

अशी सक्ती बिक्ती काही नव्हती. बस कायम उशिरा धावायची, आणि थांबा आला की चाकं थांबायच्या आत बोट दाराच्या बटणावर जायचं. त्याचं, आणि सगळ्याच ड्रायव्हरांचं. आरशात बघायचं ते बस पुन्हा रस्त्याला लावताना. पण त्याला बायको ट्रॅकमध्ये हवी होती, ट्रकशेजारी नको होती. थाप मारली ती काळजीपोटी, आणि मारताना त्याला ती थाप वाटलीही नाही. सिस्टरने लगेच मान्य केलं. टाक्यांमधलं तिला कळतं आणि बसमधलं त्याला, हे त्यांच्या संसारात ठरलेलंच होतं.

झालं, ती ट्रॅकने जाऊ लागली. नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. तिला मात्र पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट कळली. खांब चुकवायला ती जरा बाहेर आली की मागून हॉर्न. "तुमच्यासाठी एवढा ट्रॅक केलाय ना? मग आमच्या रस्त्यात कशाला?" कालपर्यंत वाट देणारेच हे. मग ती आतच राहू लागली. थांब्यावर बस उभी असली तरी ती वेग कमी करायची नाही. कशाला करेल? ती पुढे जाईपर्यंत दार बंदच राहणार होतं.

एका दुपारी दार उघडलं. बस दुसऱ्याच ड्रायव्हरची होती. औषधांची पिशवी घेतलेल्या एक आजी उतरल्या आणि सिस्टरची सायकल थेट त्यांच्यावर गेली. दोघी पडल्या. सिस्टरचं कोपर सोललं, आजींचं खुब्याचं हाड मोडलं. "कुणी हलवू नका त्यांना!" असं ओरडून तिने गर्दी मागे सारली, पाय सरळ धरला आणि अँब्युलन्स येईपर्यंत सोडला नाही. रस्त्यावर लोकांनी तिचा तो आवाज ऐकला तो शेवटचाच.

रात्री जेवण तसंच राहिलं. "त्या ड्रायव्हरने आरशात बघितलं असणार हो," ती म्हणाली. "मीच जोरात होते. त्याला दिसायच्या आत पोचले. चूक माझीच आहे."

नवऱ्याने तोंड उघडायची हीच वेळ होती. तो मूग गिळून बसला. आत्ता तिचं मन थाऱ्यावर नाही, उद्या सांगू. उद्याचा परवा झाला, आणि मग गोष्ट अशी जड झाली की उचलवेना.

सायकल जिन्याखाली गेली, चाकं बसली. लांबचे पेशंट तिने दुसऱ्या सिस्टरना देऊन टाकले. आजींकडे मात्र ती रोज जायची. ऑपरेशनची जखम भरेपर्यंत ड्रेसिंगला, आणि भरल्यावर त्यांना वॉकर धरून चालवायला. आजी पूर्वी एकट्या बसने धाकट्या बहिणीकडे जायच्या, आता खिडकीपर्यंत गेल्या तरी दमायच्या. त्यांनी तिला एका शब्दाने बोल लावला नाही. सून मात्र दार उघडायची आणि न बोलता आत निघून जायची. हे घरी सांगताना सिस्टर म्हणायची, "तिचं तरी काय चुकलं?" आणि नवरा ताट घेऊन उठायचा.

त्याने एकच केलं. जे खोटं सांगितलं होतं ते खरं करायला लागला. प्रत्येक थांब्यावर आधी आरसा, मग दार. बस आणखी उशिरा धावू लागली, डेपोत बोलणी बसली, पण त्याने सोडलं नाही. आजींचं हाड त्यामुळे सांधणार नव्हतं, हे त्यालाही कळत होतं.

एक दिवस सिस्टर त्याच्याच बसमध्ये चढली. गुडघे फार दुखत होते म्हणून. पुढच्याच सीटवर बसली. कितीतरी दिवसांनी ती त्याच्या बसमध्ये होती, त्याला बरं वाटलं. आजींच्या घराजवळचा थांबा आला. आरशात लांबून एक कॉलेजची मुलगी सायकलवर येत होती, अगदी सावकाश. तो थांबला.

दाराशी सलूनवाले काका उभे होते, रोजचे, तोंडाने तिखट. "अहो ड्रायव्हरसाहेब, उघडा की! आरशात काय भांग पाडताय का?" बस हसली. काकांना चेव आला. "पूर्वी बरं होतं बाबा. गाडी थांबायच्या आत दार उघडायचात. बाकीचे अजून उघडतात, तुम्हालाच काय झालंय?"

त्याने सीटकडे बघितलं नाही. सायकलवाली मुलगी पुढे गेली, त्याने बटण दाबलं, काका आणि बाकीची माणसं उतरली. सिस्टर उठून त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"सक्ती आहे म्हणाला होतात ना?"

त्याने स्टिअरिंग धरून ठेवलं. मागच्या बसने हॉर्न दिला.

"मी रोज त्या आजींची माफी मागते हो," ती म्हणाली, आणि उतरली.