चकचककाका आणि फुगणारे मायटोकॉन्ड्रिया

त्या प्रयोगशाळेत सगळे त्यांना चकचककाका म्हणायचे. एकतीस वर्षं काचेची भांडी धुतली गड्याने. "एक डाग दाखवा आणि माझी नोकरी घ्या," असं छातीठोकपणे सांगायचे, आणि कुणाची हिंमत होत नसे. मग गेल्या वर्षी भांडी धुणारं यंत्र आलं. काकांना बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला बसवलं. काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली! त्या यंत्राकडे ते सवतीकडे बघावं तसे बघायचे.

पण काका गप्प बसणारे थोडेच! पीएचडी करणारी एक मुलगी होती, तिच्यावर त्यांचा भारी जीव. काका तिला चिडवायला 'डॉक्टरीणबाई' म्हणायचे. तिची भांडी ते यंत्रात जाऊच द्यायचे नाहीत. गुपचूप उचलायची, आपल्या जुन्या मोरीवर घासायची, तीनदा साध्या पाण्याने आणि तीनदा शुद्ध पाण्याच्या नळाखाली खळखळवायची. डॉक्टरीणबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं.

आणि बिचारीचा प्रयोग काही केल्या जमेना. दोन महिने झाले. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत ती डबा न उघडताच बसली होती.

"काय झालं गं? तोंड का पाडलंस?"

"काका, शुक्रवारी बैठक आहे. तोपर्यंत रेघ सरळ आली नाही, तर माझ्या गाईड मॅडम माझं औषध बाजूला ठेवणार. दोन वर्षं पाण्यात."

"कसली रेघ? मला कळेल असं सांग."

तिने सांगितलं. पेशीच्या पोटात मायटोकॉन्ड्रिया असतात, तिला शक्ती पुरवणारे. त्यांच्या आतल्या पडद्याला एक छिद्र असतं, एरवी बंद. हृदयाचा झटका येऊन गेल्यावर रक्त पुन्हा वाहू लागलं की आत कॅल्शियमची गर्दी होते आणि ते छिद्र सताड उघडतं. मग पाणी शिरतं, मायटोकॉन्ड्रिया टम्म फुगतात, बाहेरचं आवरण फाटतं आणि पेशी मरते. तिचं औषध ते छिद्र बंद ठेवण्यासाठी होतं. प्रयोगात नळीतल्या गढूळ द्रवात मायटोकॉन्ड्रिया असतात; ते फुगले की द्रव निवळतो आणि मोजणी यंत्राच्या पडद्यावरची रेघ खाली येते.

"मग येते ना खाली?"

"कॅल्शियम घालायच्या आधीच येते हो! एक थेंब घातलेला नसतो, तरी आपले फुगत सुटतात. बाकी सगळ्यांचं नीट चालतं. माझ्याच हाताला यश नाही."

काकांना फार वाईट वाटलं. त्या संध्याकाळी त्यांनी तिची भांडी चारदा धुतली.

गुरुवारी सकाळी खिडकीत वाळत ठेवलेली तिची बाटली उचलली आणि काका जागच्या जागी थिजले. तळाशी पांढरी, बारीक कड होती. केटलीत साचते ना, तशी. शुद्ध पाणी वाळलं तर मागे काहीही उरायला नको. त्यांनी मोरीखाली वाकून शुद्ध पाण्याच्या नळाचा फिल्टर पाहिला. बदलायची तारीख उलटून पाच महिने झाले होते! यंत्राला स्वतःचा फिल्टर होता, म्हणून या नळाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. काकांचंही नाही. नळाच्या क्षारयुक्त पाण्यातलं कॅल्शियम काका रोज स्वतःच्या हाताने पोरीच्या बाटल्यांना फासत होते. यंत्रात धुतलेल्यांचं सगळं नीट, आणि मायेने धुतलेल्यांचा असा बट्ट्याबोळ.

काका मटकन स्टुलावर बसले. फिल्टर गपचूप बदलला असता, तर कुणाला पत्ता लागला नसता. यंत्राचे हितचिंतक फिदीफिदी हसले नसते. पण आधीच्या सगळ्या रेघा का बिघडल्या, हे पोरीला कधी कळलं नसतं, आणि मॅडमना ती काय सांगणार होती? काका उठले. जिना चढून थेट तिच्या टेबलापाशी गेले.

"पोरी, तुझे मायटोकॉन्ड्रिया मी फुगवले," त्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. "आता काय बोलायचं ते बोल."

ती खो खो हसत सुटली, हसता हसता डोळे पुसू लागली. "अहो काका, म्हणजे माझं औषध नाही ना चुकलं?"

काकांनी नवा फिल्टर बसवला, भांडी धुतली. दुपारी दोघं पडद्यासमोर बसले. कॅल्शियमच्या आधी रेघ सरळ. कॅल्शियम घातलं, रेघ धाडकन खाली. मग औषध मिसळलेली नळी लावून कॅल्शियम घातलं. एक मिनिट, दोन मिनिटं, दहा मिनिटं. रेघ जागची हलली नाही. काकांनी अशी टाळी वाजवली की शेजारच्या खोलीतून मॅडम धावत आल्या. कहाणी ऐकून त्याही हसल्या, आणि औषध चालू ठेवायचं म्हणाल्या.

"सुटलीस बघ," काका म्हणाले. "उद्यापासून तुझी भांडी यंत्रात टाक. मी हात लावणार नाही."

"मुळीच नाही. माझी भांडी तुम्हीच धुवायची."

"अगं, एवढा घोळ घातला ना मी!"

"घातलात. पण यंत्राचं काही चुकलं, तर ते जिना चढून मला सांगायला येणार आहे का?"

काकांनी तिथल्या चार नळ्या उचलल्या आणि नाक ओढत धुवायला नेल्या.