आत्याची दहा मिनिटं

अनुवादशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. ती नोकरी मला मिळाली सोनाळ्याच्या माझ्या आत्यामुळे. तिला येणारी भुलाबाईची गाणी मी चार उन्हाळे तिच्याजवळ बसून उतरवून घेतली, इंग्रजीत आणली आणि त्यांवर पीएचडी मिळवली. प्रबंधात तिचा उल्लेख आहे. आभारांत, टायपिस्टच्याही खाली.

बुलढाण्याच्या चर्चासत्रात तिला गायला बोलवायचं मीच ठरवलं. नवं लुगडं नेसून ती पहिल्या रांगेत बसली. पण आमच्याकडे एकाचा जरी सत्कार राहिला, तर तो माणूस वर्षभर तोंड फिरवून जातो. शाली आणि नारळ वाटता वाटता जेवणाची वेळ झाली. संयोजक माझ्या कानाशी लागले, "सर, दहाच मिनिटं उरली. तुमचा निबंध घ्यायचा की आत्याबाईंची गाणी?"

मी निबंध वाचला. त्याचं प्रमाणपत्र माझ्या बढतीच्या फायलीला लागणार होतं. आत्यालाही शाल मिळाली, गाणं तेवढं राहिलं.

परतताना गाडीत तिनं विचारलं, "मले गाऊ काऊन नाही देलं, बाबू?"

मी मोठा विद्वान. तिलाच समजावू लागलो, "आत्या, मी इंग्रजीत वाचत होतो ना, ती तुझीच गाणी होती."

तिनं मांडीवरची शाल काढून माझ्या मांडीवर ठेवली.

"माह्यी असती," ती म्हणाली, "त मले समजली नसती काय?"