आबांच्या आवाजाचा वेग

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी धुळ्यात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते आणि तिथेच देवपूर भागात आईसोबत राहत होते. वडील गेल्यावर त्यांच्या कॅसेटींची पेटी माझ्याकडे आली: भजनं, नाट्यगीतं, कुणाच्या तरी वरातीतला बँड. फितींना बुरशी धरायला लागली होती, म्हणून टेपरेकॉर्डरची वायर कॉम्प्युटरला जोडून मी सगळं आत उतरवून घेतलं. पण रेकॉर्ड करायचा तो प्रोग्राम भलताच आपमतलबी. त्यानं साठवलेली फाइल दुसऱ्या कशातच उघडेना. असल्या कुलुपांची मला भारी चीड. मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून लिनक्स ही खुली यंत्रणा टाकली, शेल स्क्रिप्ट, म्हणजे मशीननं ओळीनं पाळायच्या हुकमांची यादी, लिहिली आणि एकेक गाणं कुठेही वाजेल अशा खुल्या रूपात आणायला मशीनला जुंपलं. मी क्लासवरून येईपर्यंत ते निमूट राबायचं. माझं इतकं घरात दुसरं कुणी ऐकत नसे.

अडलं ते एका कॅसेटपाशी. आबा, म्हणजे माझे आजोबा, गावच्या भजनी मंडळात गायचे. त्यांची ही एकुलती एक कॅसेट वडिलांनी वीज नसताना सेलवर रेकॉर्ड केलेली. सेल उतरत गेले तशी फीत मंद फिरत गेली. आता ती नीट वेगात वाजवली की आबा चिरक्या आवाजात असे घाईघाईनं गायचे, जशी काही शेवटची एसटी चुकतेय. मला हसू यायचं. आई मात्र उठून आत जायची. लग्नानंतर तिला शाळेत धाडणारे, गावाची तोंडं बंद करून तिला शिक्षिका होऊ देणारे आबाच. त्यांचा खरा आवाज तिला पुन्हा एकदा ऐकायचा होता.

वेग कमी करणं सोपं होतं; स्क्रिप्टमधला एक आकडा बदलायचा. पण कुठला आकडा? आबा गेले तेव्हा मी तान्ही होते. तो आवाज ओळखणारं घरात एकच माणूस उरलेलं, आणि ते पडलं भिडस्त.

"कसं शे?" मी आमच्या घरच्या बोलीत विचारायची.

"बरं शे."

मी वेग आणखी कमी करायची. "आते?"

"तेबी बरं शे. तू कितला तरास करी लेस, बाई."

"बठ्ठंच बरं कसं काय ऱ्हाई?" सगळंच कसं बरं असेल, म्हणून मी ओरडायची. ती ओशाळून हसायची. मला तिचा राग यायचा आणि लगेच कीवही यायची.

शेवटी एका रविवारी दुपारी मी विचारणंच सोडलं. स्क्रिप्ट बदलली आणि एकच भजन थोडं थोडं हळू करत लागोपाठ वाजत ठेवलं. आई माझ्यामागे जमिनीवर मेथी निवडत बसली होती. आबा गात होते, पुन्हा गात होते, आवाज जड होत चालला होता. मी सहज मागे वळून पाहिलं. आईचा हात मेथीतून निघाला, खांद्यावरचा पदर त्यानं डोक्यावर ओढून घेतला, आणि पसरलेले पाय जवळ घेऊन ती सावरून बसली. तिचं तिलाही कळलं नव्हतं. सासऱ्यांसमोर ती कधी उघड्या डोक्यानं बसली नव्हती.

मी तो आकडा कायम केला. तिला काही विचारलं नाही.