फुटाण्यांची फिर्याद

ती घटना आठवली की आज हसू येतं. तेव्हा मात्र मी फार गंभीर होतो. चिमूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए., त्यामुळे कोणताही तपास मला जमणारच, अशी पक्की समजूत.

गावात पडझड दुरुस्तीचा धंदा करणारे एक भाऊ होते. वादळात उडालेली कवेलू, म्हणजे छपराची कौलं, पुरात भिजलेली भिंत, आगीनं काळवंडलेली खोली, सगळं पूर्ववत करून द्यायचे. शिडीपासून सुरू झालेला धंदा टेम्पोपर्यंत आला होता. आता आश्रमशाळेच्या छपरांचं मोठं काम मिळायचं होतं. त्यासाठी ठाण्यात तक्रार नसल्याचा आमचा दाखला हवा होता.

नेमका तेव्हाच त्यांचं एक गिऱ्हाईक, किराणा दुकानदार, ठाण्यात आला.

"साहेब, यानं दुरुस्त केलेल्या घरावरच वांदरं कवेलू फोडून राह्यले. बाजूच्या घराले धक्का नाई. काम वाढवाले हाच वांदरं बोलावते."

भाऊंना बोलावून जबाब घ्यायला बसलो.

"भाऊ, वांदरं तुमची का?"

"मी वर्षाची गॅरंटी देतो साहेब. फुटलं का फुकट बसवून देतो. फोडून मले काय भेटन?"

हेतूच सापडेना. पण वांदरं तर खरोखर तिथंच येत होती. मग साध्या वेशात एका शिपायासोबत मी त्यांच्या चालू कामासमोरच्या चहाटपरीवर बसलो. शेवटचं कवेलू बसलं. भाऊंनी चपला काढल्या, शिडी चढले आणि आढ्यावर फुटाणे-गुळाची ओंजळ ठेवून हात जोडले. ते उतरायच्या आत टोळी हजर.

"हे काय भाऊ?"

"मारुतीचा निवद. त्याची फौज खुश राह्यली का छप्पर टिकते."

"अन् फटीत पडलेले फुटाणे ती कशी काढते?"

वर एक हुप्या कवेलू उचलून खाली पाहत होता. भाऊंनी एकदा त्याच्याकडे, एकदा आपल्या रिकाम्या ओंजळीकडे पाहिलं.

"म्हणजे मीच मले बुडवून राह्यलो."

कायद्याची पुस्तकं चाळली. नैवेद्याला कलम नव्हतं. दाखला दिला, एका अटीवर: निवद लोकांच्या घरांपासून दूर ठेवायचा.

हेतू सापडला की माणूस सापडतो, हे नोकरीत शिकलो होतो. चांगल्या हेतूनंही कवेलू फुटतात, हे या प्रकरणानं शिकवलं. आणि अट घालताना जागा नेमकी सांगावी, हेही. कारण पोलिसांसमोर वांदरं शिस्तीत राहतील, या विश्वासानं भाऊ दर शनिवारी ठाण्याच्या आवारातल्या निंबाखाली निवद ठेवू लागले.

आश्रमशाळेआधी त्यांनी आमचंच छप्पर बसवलं. वर्षाच्या गॅरंटीसह.