हुंगा की, ताई

रविवार, दुपार. चहापुडीच्या दुकानात हजर: दुकानदार काका, मी आणि बेंबळीच्या दोन बायका.

काका तरुणपणी आसामात चहाच्या कारखान्यात होते. सुकवून चुरगाळलेला हिरवा पाला तिथं पसरून ठेवला, की हळूहळू तांबूस होतो. कच्चा वास जाऊन गोडसर वास सुटला, की काका ओरडायचे, "घाला भट्टीत!"

हल्ली ते प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नाकाशी चिमूटभर पूड धरतात. "हुंगा की, ताई! न्हाय आवडली तर घिऊ नगा." मला तो अगत्याचा भाग वाटायचा.

आज त्यांच्या मागं स्टोव्हवर दूध करपलं. दुकानभर वास सुटला, तरी ते बोलतच राहिले.

"काका, नाक गहाण टाकलं का?" एक बाई हसली. तेही हसले, पण दूध उतरवताना त्यांनी माझ्याकडं बघायचं टाळलं.

मग नव्या पोत्यातली चिमूट माझ्यापुढं आली. "बरी हाय न्हवं?"

पूड कुबट होती. बायकांसमोर बोलवेना. त्या जाईपर्यंत थांबले, तर आणखी गिऱ्हाइकं आली. सकाळपासूनच्या कामांनी माझं अंग आंबलं होतं. "येते," म्हणून निघाले.

पोतं विक्रीला उघडं आहे. काकांना एकट्यात गाठून सांगायचं राहिलं आहे.