ओवाळणीचं कार्ड

मेहुण्यांच्या वर्षश्राद्धानंतरची ती पहिलीच भाऊबीज. ताईच्या ताटात या वेळी साडी नाही, पाकीट नाही, काहीतरी खास टाकायचं असं मी ठरवलं होतं. म्हणून माझ्याच क्रेडिट कार्डावर तिच्यासाठी एक पूरक कार्ड काढून घेतलं. त्यावर तिचं नाव छापलेलं. खर्च तिनं करायचा, बिल मी भरायचं. असा दिलदार भाऊ अख्ख्या बुलढाण्यात शोधून सापडायचा नाही, अशा थाटात मी पाटावर बसलो.

ताईनं ओवाळलं, ताट खाली ठेवलं, कार्ड उचलून दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि माझ्याच शर्टाच्या खिशात घातलं.

"हे नको मले."

"काऊन?"

"असंच होतं ना माह्याजवळ. वरतं नाव माहं, खातं तुह्या भाऊजीचं."

खरं सांगतो, मला राग आला. पण ती म्हणत होती ते खोटं नव्हतं. मेहुणे असतानाच तिनं कॉलेजच्या मुलांचे डबे सुरू केले होते. किराणा ती त्यांच्या खात्यावरच्या पूरक कार्डावर आणायची आणि बिलाची तारीख कधी चुकू द्यायची नाही. मेहुणे गेले, त्यांचं खातं बंद झालं आणि तिचं कार्डही त्याच दिवशी निकामी झालं. घरमालक फोडणीच्या वासाला कंटाळलेला. त्यानं तिला नुकतीच वर्षभराची मुदत दिली होती. तेवढ्यात खानावळीसाठी गाळा घेतला नाही, तर डबे बंद, आणि डब्यांवरच घर चालत होतं. ती कर्ज मागायला गेली तर बँकेनं सांगितलं, तुमच्या नावावर उधारीचा व्यवहारच दिसत नाही. इतकी वर्षं वेळेवर भरलेल्या बिलांचं सगळं पुण्य मेहुण्यांच्या नावावर जमा झालं होतं.

"मंग तुले पायजे तरी काय?"

"नगद दे. ठेवीले थोडे कमी पडून राह्यले."

पगाराची चिठ्ठी नसलेल्या माणसाला बँक मुदत ठेवीच्या आधारावर कार्ड देते, हे तिनं आधीच विचारून ठेवलं होतं. खर्चाची मर्यादा ठेवीपेक्षा थोडी कमी. म्हणजे आपलेच पैसे गहाण ठेवून उधारी करायची. मी म्हणालो, हा कसला उफराटा कारभार?

"पैसे माहे, उधारी माही, नाव बी माहं. याच्यात उफराटं काय हाय?"

रोख दिली आणि बँकेतही मी सोबत गेलो. तिथल्या पोरानं आधी प्रवासाचं कार्ड पुढं केलं, विमानतळावर बसायला फुकट जागा मिळते म्हणून. ताई म्हणाली, "बाबू, मी शेगावच्या पुढं गेली नाई." मग पेट्रोलवर सूट देणारं कार्ड आलं. गाडी नव्हती, तेही मागं गेलं. साध्या कार्डावर येताच तिनं विचारलं, "पह्यल्या वर्षी फुकट म्हनता, मंग दुसऱ्या वर्षी?" तो म्हणाला, वर्षभरात ठरलेला खर्च झाला तर वार्षिक शुल्क माफ. "आन् नाई झाला तं?" पोरगा हसला आणि मग सगळं नीट सांगायला लागला.

त्या वर्षी ती कार्डावर फक्त तेल, डाळी आणि गॅस घ्यायची. एकदा आठवडी बाजाराच्या दिवशी हातात रोकड नव्हती. मी म्हणालो, कार्डावर एटीएममधून काढ.

"त्याले काढल्या दिवसापासून व्याज लागते, वरतून फी अलग, फीवर जीएसटी. आज पिठलं होईन."

कॉलेजच्या पोरांनी पिठलं मागून मागून खाल्लं. दर महिन्याच्या बिलात दोन आकडे यायचे, एक पूर्ण रकमेचा आणि एक किमान भरण्याचा. त्या लहान आकड्याला भले भले भुलतात. तो भरला की उशिराचं शुल्क टळतं, पण उरलेल्या रकमेवर व्याज चढतं आणि नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. तंगीच्या महिन्यातही तिनं त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. पोळ्याला घरात पुरण कमी शिजलं, पण बिल पूर्ण गेलं. हे असलं मन कुठून आणते ही बाई, असं मला वाटायचं, आणि अजूनही वाटतं.

मुदत संपायच्या आत ती पुन्हा त्याच बँकेत कर्ज मागायला गेली. मीही गेलो. साहेबांनी संगणकावर तिचं नाव घातलं, तिनं वेळेवर भरलेली बिलं बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "मिस्टर काय करतात?"

"ते नाईत. व्यवहार माहा हाय."

साहेबांनी मान डोलावली आणि कर्जाचे कागद काढले. जामीनदार म्हणून बोलावतील या तयारीनं मी पेन काढूनच बसलो होतो. एकेक कागद ताईपुढं सरकत गेला, ती सावकाश सही करत गेली. माझी सही कुठंच लागली नाही.