धुरपदाबाईच्या मासोळ्या

धुरपदाबाईच्या तोंडी लागायचं नाही, हे एरंडोलच्या अलीकडच्या त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कपाशीच्या वेचणीला बायका गोळा कराव्यात तर तिनेच, आणि त्यांच्याशी भांडावं तेही तिनेच. पण हीच बाई रोज सकाळी पदराखाली कणकेचा डबा धरून गावामागच्या पाझर तलावावर जायची, पाण्याकाठच्या सपाट दगडावर बसायची, पाण्यावर हलकेच हात आपटायची आणि तिचा आवाजच बदलून जायचा. सासरी निघालेल्या लेकीशी बोलावं तसा तो मऊ व्हायचा. मग खालून सावल्या हलायच्या. रोहू, कटला, बारकी मुरी, सगळी फौज वर यायची आणि तिच्या बोटांना तोंडं लावायची. म्हातारीला गुदगुल्या व्हायच्या आणि ती एकटीच हसायची.

हे सुरू झालं तिचा नवरा तोताराम गेला तेव्हापासून. मुक्या जिवांना चार घास घाला, असं कुणीतरी तिला सांगितलं. कावळ्याला आणि गाईला गावात घालणारे पुष्कळ होते, म्हणून हिने मासोळ्या धरल्या. बोलायचं हक्काचं माणूस गेलं होतं, ते बोलणं मग पाण्याशी होऊ लागलं. सुनेनं वरणात मीठ जास्त टाकलं इथपासून ते कपाशीवर बोंडअळी पडली इथपर्यंत सगळं मासोळ्यांच्या कानावर जायचं. गळ्यात तुळशीची माळ, जन्मात मासा चाखला नाही, म्हणून लोक चिडवायचे, "आक्का, माळ गळ्यात अन् मासोळी मनात." ती म्हणायची, असू दे. हळूहळू चिडवणारेच आपल्या घरची शिळी भाकर, नैवेद्याचा भात, उरलेली कणीक तिच्या हाती देऊ लागले. फुकटचं पुण्य कुणाला नको असतं?

त्या पाण्यासाठी ती भांडली मात्र वाघिणीसारखी. नव्या वस्तीचं गटार तलावात सोडायचं ठरलं, तेव्हा ही ग्रामपंचायतीच्या दारात भाकरी बांधून जाऊन बसली आणि गटाराचं तोंड फिरवल्यावरच उठली. शेजारच्या शेतातला प्रेमराज एकदा फवारणीचा पंप तलावात धुताना सापडला. तो पंप टाकून पळाला, कारण म्हातारीच्या हातात धोंडा होता. बायकांनाही तिने साबणाचं धुणं तलावाच्या पाळीपासून लांब, नळावर न्यायला लावलं. पाण्यात विष जाऊ द्यायचं नाही, हा तिचा एकच हेका. आपल्याच डब्यातून काय जातं, हे तिच्या डोक्यात यायचं कारणच नव्हतं. आईनं घास भरवला तर तो कुणाला बाधतो का?

यंदा श्रावणात घरोघर कानबाई देवी बसली. कानबाईचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, हा मोठा कडक कारभार. ज्या कुळाचे रोट, त्याच कुळानं ते खायचे, परक्याच्या मुखी घास जाता कामा नये, आणि जे उरतील ते पाण्यात सोडायचे. पूर्वी ते नदीला सोडत. नदी वाहती होती, पुढे नेत होती. आता नदीत वाळूही उरलेली नाही, म्हणून सगळ्या गावाचे उरलेसुरले रोट, पुरण, खीर पाटीपाटीने तलावात गेली. त्यात आठवडाभर आभाळ नुसतं दाटून बसलेलं. ना पाऊस, ना ऊन, ना वारा.

एका सकाळी धुरपदाबाई गेली तर मासोळ्या तिच्या आधीच वर आलेल्या. हात आपटायचीही गरज पडली नाही. सगळा काठ उघड्या तोंडांनी भरून गेला होता. म्हातारीला वाटलं, एवढी भूक लागली माझ्या बायांना! तिने डबा पालथा केला, घरी जाऊन राहिलेल्या रोटांची पाटी आणली आणि तीही कुस्करून घातली. एकाही मासोळीनं घासाला तोंड लावलं नाही, नुसती तोंडं उघडत नि मिटत राहिल्या. तिला ते जरा चमत्कारिक वाटलं, पण रुसल्या असतील म्हणून ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी काठावर पांढरी पोटं तरंगत होती.

ती तिथून तडक गेली ती प्रेमराजच्या दारात. सात घरं ऐकतील अशा शिव्या दिल्या. प्रेमराजची बायको दिपमाला रडकुंडीला येऊन सांगत होती की असल्या आभाळात आठवडाभर पंपाला हातही लावलेला नाही, पण ऐकतं कोण? शेवटी आरडाओरडा ऐकून नातसून भाविका धावत आली आणि आजेसासूला हाताला धरून परत तलावावर घेऊन गेली.

भाविका जळगावातल्या मेहरूणची, नव्यानं लग्न होऊन आलेली. पाण्याजवळ जाताच तिनं नाकाला पदर लावला, कारण पाण्याला आंबलेल्या पिठाचा वास मारत होता. मग म्हातारीजवळ बसून हळूच म्हणाली, "आजी, त्यांना भूक नव्हती लागली. त्यांचा दम कोंडला होता."

"पानीमा काय दम ऱ्हास?" म्हातारी म्हणाली.

भाविकानं सांगितलं की मासोळ्याही हवेवरच जगतात, ती हवा पाण्यात विरघळलेली असते. पीठ कुजायला लागलं की ते पाण्यातली हवा ओढून घेतं, आणि ऊन नसलं की पाण्यातलं शेवाळ नवी हवा देत नाही. लहानपणी तिनं घरच्या काचेच्या टाकीतल्या माशांना लाडानं बिस्किटं चारली होती, तेव्हा तेही असेच वर येऊन तोंडं उघडत होते. दुसऱ्या दिवशी एकही उरला नव्हता.

धुरपदाबाई ऐकत राहिली. तिला काल आपण रिकामी केलेली पाटी दिसत होती. "मीच मारं त्यास्ले," ती म्हणाली. तिच्या तोंडून एवढा बारीक आवाज गावानं कधी ऐकला नव्हता.

अजून काही मासोळ्या काठाशी धापा टाकत होत्या. त्यांना वाचवायचं तर पाण्यातले रोट बाहेर काढायला हवे होते, आणि तिथेच घोडं अडलं. नातू तेजस इंजिन घेऊन आला, पाण्यात हवा मिसळावी म्हणून तलावाचं पाणी उपसून उंचावरून परत तलावातच फवारायला लागला. पण रोटांना हात लावायला कुणी पुढे येईना. एकदा पाण्याला दिलेले रोट परत घ्यायचे, तेही दुसऱ्या कुळाचे? पाळीवर जमलेल्या बायका एकमेकींची तोंडं बघू लागल्या.

धुरपदाबाईनं कासोटा आवळला आणि कमरेइतक्या पाण्यात शिरली.

"कानबाई मायले मी सांगसू," ती म्हणाली, "काढा बठ्ठा रोट."

तिनं आधी आपल्या कुळाचे काढले, मग बाकीच्यांचे. कुणाचे कुणाचे ते ओळखायलाही येत नव्हते, सगळ्यांचा एकच बुळबुळीत लगदा झाला होता. थोड्या वेळानं दिपमाला मच्छरदाणी घेऊन पाण्यात उतरली, शिव्या खाऊनही. मग बाकीच्या उतरल्या. संध्याकाळपर्यंत पाट्याच्या पाट्या निघाल्या आणि धुरपदाबाईच्या शेतात खड्डा करून पुरल्या गेल्या. देवीचा कोप व्हायचा तो आपल्या शेतावर होऊ दे, असं तिनंच सांगितलं. जाताना ती प्रेमराजच्या दारात थांबली आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाची तरी माफी मागितली. प्रेमराज इतका गांगरला की त्यानं तिच्याच पाया पडून घेतलं.

निम्म्याहून जास्त मासोळ्या वाचल्या. म्हातारी रोज जातच राहिली, पण हात हलवत. ते तिला फार जड गेलं. मासोळ्या यायच्या, बोटं चाचपायच्या, काही मिळेना म्हणून थांबून राहायच्या. एक गोळी टाकली तर काय बिघडणार, असं तिला रोज वाटायचं, आणि रोज ती डोळे मिटून घ्यायची. पितृपक्षात लोक भात घेऊन आले, तेव्हा तिनं त्यांना पाळीवरूनच परतवून लावलं.

दिवाळीनंतर मासोळ्या येणं कमी झालं. मग एका सकाळी ती उन्हं वर येईपर्यंत दगडावर बसून राहिली आणि एकही आली नाही. पार मध्यावर एक रोहू उसळली आणि पाण्यात गडप झाली. बस्स, तेवढंच.

घरी आल्यावर भाविकानं विचारलं, आल्या का आज? धुरपदाबाई चुलीपाशी बसली.

"एक बी वनी नही," ती म्हणाली. "मजामा शेतस बठ्ठ्या."

सगळ्या मजेत आहेत, असं म्हणता म्हणताच तिनं पदरानं डोळे पुसले, परात पुढे ओढली आणि कणीक मळायला घेतली, घरच्या माणसांपुरती.